तारे रेघांसारखे का येतात?

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. ट्रायपॉड लावून मृग नक्षत्राचे फोटो काढले, पण तारे पुसट आणि लांबट येतात. नवी लेन्स घ्यावी का?

उत्तर : अजिबात नको, मृगासाठी हीच लेन्स पुरेशी आहे. तुमचे दोष दोन, आणि कारणंही वेगळी.

पुसटपणा फोकसचा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. लेन्स ‘एमएफ’वर (हाताने फोकस करायच्या मोडवर) घ्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, मृगाजवळचा तेजस्वी तारा व्याध मोठा करून पाहा आणि रिंग अगदी हळू फिरवा, तो सर्वांत बारीक ठिपका दिसला की थांबा. रिंग शेवटपर्यंत फिरवून सोडू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्याही (सर्वांत दूरच्या फोकसच्याही) पुढे जातात. नंतर झूम बदललात, तर फोकस पुन्हा लावा.

लांबटपणा पृथ्वीच्या फिरण्याचा. आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकतं. शटर जास्तीत जास्त किती सेकंद उघडं ठेवायचं, याचा ढोबळ हिशेब असा : ५०० ला फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान, तो आकडा) यांच्या गुणाकाराने भागायचं. १८ मिमी आणि १.५ क्रॉपला साधारण १८ सेकंद येतात, ५५ मिमीला जेमतेम ६. मृग खगोलीय विषुववृत्तावर असल्याने तिथे रेघ लवकर उमटते, म्हणून १८ मिमीलाही १३ सेकंदच ठेवा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली). स्टॅबिलायझर बंद, सेल्फ-टायमर १० सेकंदांचा. शहरात आकाश पिवळट आलं, तर आयएसओ ८०० करा.

थंडीत काचेवर दव धरतं. अधूनमधून टॉर्चने पाहत जा.