वाचकांचे प्रश्न : २६ फुटी नौका की ४० फुटी?

प्रश्न : मुंबई बंदरात ठेवायला शिडाची नौका घेतोय. २६ फुटी, बऱ्यापैकी नवी, आणि ४० फुटी, वीस वर्षं जुनी, अशा दोन नौका सारख्याच किमतीत मिळताहेत. मोठीचा वर्षाचा खर्च दीडपट धरावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दीडपट धरू नका, कमी पडेल. लांबी दीडपट झाली की रुंदी आणि खोलीही वाढते. पृष्ठभाग सव्वादोनपट होतो, वजन तिप्पट-साडेतिप्पट. छोटी साधारण अडीच टनांची, मोठी आठ टनांची. मरिनाचं (नौका लावायच्या धक्क्याचं) भाडं लांबीवर आकारतात, म्हणून सगळा हिशेब लांबीवर होतो. पण क्रेन, नांगर, विंच (दोर ओढायचा रहाट), इंजिन हे सगळं वजनावर ठरतं.

तळाचा रंगच घ्या. रुंदी आणि ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) यांची मीटरमधली बेरीज करा, तिला पाणरेषेवरच्या लांबीने गुणा आणि पाऊण हिस्सा धरा. छोटीचे १५-१६ चौरस मीटर येतात, मोठीचे ३६-३७. अँटिफाउलिंग (तळाला जीव चिकटू न देणाऱ्या) रंगाचा एक लिटर एका हाताला सुमारे १० चौरस मीटर पुरतो. म्हणजे दोन हातांना तीन लिटरच्या जागी साडेसात लिटर. आपल्या कोमट पाण्यात बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) फार लवकर धरतात, तेव्हा रंगात काटकसर नको. पावसाळ्यात नौका वर काढाल तेव्हाच रंग, सीकॉक (तळातल्या पाण्याच्या झडपा) आणि इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड उरकून घ्या. अ‍ॅनोड निम्मा झिजला की बदलायचा. अडीच टन ट्रेलरवर बसतात. आठ टनांना मोठी क्रेन, पाळणा आणि यार्डातली जागा लागते.

जुन्या मोठ्या नौकेची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची नसते. डोलकाठीच्या तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणून त्या कधी बदलल्या याची पावती मागा. तार बहुधा मधे तुटत नाही. टोकाच्या फिटिंगमध्ये शिरते तिथे खारं पाणी साचून तुटते. त्या जागी टिश्यू पेपर फिरवा. तो अडकला तर एखादा पदर तुटलाय, आणि मग सगळा संच बदलायचा. मोठीला जाड तार, मोठे टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू), त्यामुळे हा एकच खर्च कित्येकपट होतो.

शिवाय दोन शौचालयं, फ्रीज, विजेवरचा विंडलास (नांगर ओढायचं यंत्र). प्रत्येकाला पंप, नळी, क्लिप आल्या, आणि खाऱ्या हवेत या वस्तू न वापरताही खराब होतात. महिनोन्‌महिने बंद इंजिनात इम्पेलरची (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या चाकाची) रबरी पाती वाकलेलीच राहतात. तुकडा सुटून हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागात) अडकला की इंजिन तापतं. इम्पेलर दरवर्षी बदला, एक जादाचा जवळ ठेवा.

घरचे दोघंच नौका चालवणार असाल तर २६ फुटी घ्या. ४० फुटीला बहुतेकांना पगारी खलाशी ठेवावा लागतो, आणि तो खर्च बाराही महिने चालू राहतो.

प्रश्न : तेवढ्याच लांबीचा कॅटमरान (दोन सांगाड्यांची नौका) स्वस्त पडेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. इंजिनं दोन, म्हणजे तेल, फिल्टर, इम्पेलर सगळं दुप्पट. अनेक मरिना दीडपट भाडं घेतात. ४० फुटी कॅटमरानची रुंदी साडेसहा मीटरच्या आसपास असते, तेव्हा सौद्याआधी जवळच्या यार्डातल्या नौका उचलणाऱ्या लिफ्टची रुंदी मोजून या.