प्रश्नोत्तरे : रिटायर झाल्यावर वॉटरकलर जमतं का?

प्रश्न : सर नमस्कार, मी कळव्याला राहतो, येत्या मे महिन्यात रिटायर होतोय. शाळेत एलिमेंट्री, इंटरमिजिएट दिल्या होत्या, नंतर ब्रश सुटला तो सुटलाच. आता सहा महिने वॉटरकलर करतोय पण प्रत्येक चित्राचा चिखल होतो. तुम्ही पण नोकरी संपल्यावरच सुरू केलंत ना, तुम्हाला कसं जमलं? बायको म्हणते या वयात हात वळत नाही.
– एक वाचक, कळवा

उत्तर : वहिनींना सांगा हात वळतो हो, आवरत नाही ही खरी भानगड आहे.

माझं सांगतो. चौतीस वर्षं बँक, ठाण्याहून रोज ८.१२ ची लोकल, साठीला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. पहिली दोन वर्षं मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडची ड्रॉइंग बुकं वापरली, म्हटलं शिकतोच आहे तर महाग कागद कशाला वाया घालवा, आणि तिथेच माती खाल्ली. त्या कागदावर रंगाचा दुसरा हात दिला की साल निघते, कागद पापडासारखा वाकडा होतो, आणि आपण समजतो आपल्यालाच येत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड वजनाचा) पूर्ण कॉटनचा एक मोठा शीट आणा, आठ तुकडे करा, पाठीमागून पण वापरा. बँकवाल्याचा हिशेब आहे, परवडतं.

आता चिखल. घाई, दुसरं काही नाही. खालचा वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ रंगाचा हात, अर्धवट ओला असताना आपण 'जरा एवढंच सुधारतो' म्हणून ब्रश घालतो आणि संपलं. मला हे ठाण्याच्या पावसाळ्याने शिकवलं, जुलैत जिथे टॉवेल दोन दिवस सुकत नाही तिथे कागदावरचं आभाळ काय सुकणार, मग पंख्याखाली कागद ठेवून चहा करायचा, पेपर वाचायचा, पण हात लावायचा नाही. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. उलट एप्रिलमध्ये तलावपाळीवर बसलो तर वॉश पसरेपर्यंत सुकायचा, म्हणून तिथे पहाटेच जायचं, कोपिनेश्वरच्या घंटा सुरू असताना.

रंग कमी घ्या. अल्ट्रामरिन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, दोघं मिळून जो ग्रे होतो त्यात येऊरचा पावसाळी डोंगर पण येतो आणि खाडी पण. पांढरा विकत घेऊच नका, कागद कोरा सोडायचा तोच पांढरा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा हातात धरलेल्या बाईचं चित्र पाहिलंय ना? बरेच जण रविवर्म्याचं समजतात, ते आपल्या सावळाराम हळदणकरांचं, आणि वॉटरकलरमधलं! ते बघितल्यावर मी आठवडाभर ब्रशला हात लावला नव्हता.

प्रदर्शन विचाराल तर पहिलं सहासष्टाव्या वर्षी, ठाण्यातच छोट्या हॉलमध्ये. सात चित्रं गेली, फ्रेमवाल्याचं बिल जेमतेम सुटलं. पण एक अनोळखी बाई खाडीच्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ओहोटी आहे ना ही?" तीच होती. अजून आठवलं की बरं वाटतं.

मेमध्ये रिटायर होताय म्हणजे पुढे लगेच पावसाळाच, बेस्ट टाइम. मुलं कौतुकाने वॉश सुकवायला हेअर ड्रायर आणून देतील, तो वहिनींना देऊन टाका.