वादळ वळलं म्हणजे अंदाज चुकला का?

प्रश्न : २०२५ च्या ऑक्टोबरात 'शक्ती' वादळाचा इशारा आला, बावटा लागला, आमच्या बोटी अर्ध्या ट्रिपमधून परत आणल्या, डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर पडला आणि वादळ गेलं पश्चिमेला भर दर्यात. अमेरिकेत म्हणे वादळात विमान घालून अंदाज काढतात. आपल्याकडे तसं का नाही? आणि पुढच्या वेळी ऐकायचं की नाही?
— एक ताई, वेसावे कोळीवाडा

उत्तर : ऐकायचं, ताई, दर वेळी ऐकायचं. तुमचं नुकसान खरं आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की सरकारी इशाऱ्यावरून बोट परत फिरवली तर त्या फेरीच्या डिझेलचे पैसे सरकारने द्यायला हवेत, म्हणजे पुढच्या वेळी नाखवा दोनदा विचार करत बसणार नाही. पण वादळ वळलं म्हणजे अंदाज खोटा, हे मात्र मला पटत नाही.

असं बघा, आपल्या हवामान खात्याचा २४ तास आधीचा अंदाज आता सरासरी ७०-८० किलोमीटरने इकडेतिकडे होतो. पूर्वीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, पण कुलाब्यापासून अलिबाग सरळ रेषेत जेमतेम तीसेक किलोमीटर. ३ जून २०२०ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, मुरूड-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे उडाले, आणि मुंबई थोडक्यात वाचली. एवढ्या फरकाने आदल्या दिवशी कोण छातीठोक सांगणार की अमक्याच गावाला लागेल? म्हणून नकाशावर मधली रेघ बघू नका, तिच्या दोन्ही बाजूला पसरत जाणारा पट्टा बघा. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला भाग, त्या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतो, कधीकधी बाहेरही जातो, आणि वारा-पाऊस-लाटा तर पट्ट्याच्या कितीतरी बाहेर पोचतात.

आता अमेरिकेचं. २००४ आणि २००५ हे सीझन त्यांना फार महागात पडले, कतरिना त्यातलंच. त्यानंतर २००९ला त्यांनी हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाचा, अंदाज सुधारायचा मोठा प्रोजेक्ट हातात घेतला, दहा वर्षांत मार्ग आणि ताकद दोन्हींतली चूक निम्मी करायची असं ठरवून. विमानं वादळाच्या पोटात जातात हे खरंय, तिथून छोट्या पॅराशूटला बांधलेली यंत्रं खाली सोडतात, ती समुद्रापर्यंत पडता पडता वारा, दाब, दमटपणा सगळं कळवत राहतात आणि ते आकडे लगेच कॉम्प्युटर मॉडेलमध्ये जातात. आपल्याकडे अशी नेहमीची विमानं नाहीत, आपली मदार उपग्रह, किनाऱ्यावरचे डॉप्लर रडार आणि समुद्रातले बॉय, म्हणजे तरंगती मापन यंत्रं, यांच्यावर. अरबी समुद्रासाठी विमानं मिळायला हवीत असं मला मनापासून वाटतं, कारण वादळ लांब असतं तेव्हा रडारला ते दिसतच नाही.

पण एवढं सगळं असूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर 'ओटिस' आलं ते एका दिवसात साध्या वादळाचं थेट कॅटेगरी ५, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीतलं सगळ्यात वरचं, झालं, मॉडेलांना त्याचा पत्ताच लागला नाही. मार्ग बराच जमायला लागलाय, ताकद अचानक कधी वाढेल हे अजून अवघड आहे. खाली पाणी गरम आणि वरच्या थरात वाऱ्याची ओढाताण कमी असली की वादळ भराभर फुगतं. आपल्याकडे २०१७चं 'ओखी' असंच झटपट वाढलं, केरळ-कन्याकुमारीचे मच्छीमार तेव्हा आधीच खोल दर्यात होते, शेकडो जण परतलेच नाहीत.

तुमचा खरा प्रश्न इथेच आहे, ताई. ८० नॉटिकल मैल आत गेलेली बोट ७-८ नॉटने (तासाला ७-८ नॉटिकल मैल) निघाली तरी बंदरात यायला दहा-बारा तास लागतात, तेही समुद्र शांत असताना. वादळ पक्कं कळेपर्यंत थांबलात तर निघायची वेळ टळलेली असते. मे २०२१च्या 'तौक्ते'त इशारे काही दिवस आधीपासून होते, तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या भागातला बार्ज पी-३०५ (कामगारांच्या राहण्याची सपाट बोट) २६१ माणसं घेऊन समुद्रातच राहिला, नांगर तुटले, बार्ज वाहत गेला आणि बुडाला, ७० हून जास्त माणसं गेली. अंदाज होता, ऐकून वेळेत हललं कुणी नाही. अमेरिकेतही २०२४च्या 'हेलीन'चा मार्ग आधीच नीट सांगितला होता, महापुराचा इशाराही होता, तरी २०० हून जास्त लोक दगावले, त्यातले कितीतरी समुद्रापासून लांब नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पुराने, जिथे हरिकेन आपल्यापर्यंत येईल असं लोकांना वाटलंच नव्हतं.

शिकायचं तर ओडिशाकडून शिकूया. १९९९च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ला 'फायलिन' आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि बळींचा आकडा दोन आकड्यांतच राहिला. पक्के निवारे, गावागावात ठरलेली माणसं, दारोदार जाऊन सांगणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं उभं केलं. आपल्या कोळीवाड्यांत इशारा मोबाइलवर येतो, पण समुद्रात रेंज नसते, तिथे व्हीएचएफवरून, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवरून, कोण, कुठल्या चॅनलवर, मराठीत सांगणार हे मच्छीमार सोसायटीने आजच ठरवून घ्यावं.

प्रश्न : अमेरिकेत कॅटेगरी ५ असते, आपल्याकडे 'अति तीव्र चक्रीवादळ'. दोन्ही एकच का?
— कॉलेज विद्यार्थी, दादर

उत्तर : हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ जातीने एकच, मोजपट्टी वेगळी. ताशी ६२ किलोमीटरला आपण चक्रीवादळ म्हणतो, ११८ला अति तीव्र, २२२च्या पुढे सुपर सायक्लोन. अमेरिकेत ११९ पासून हरिकेन. आणि ते एका मिनिटाची सरासरी घेतात, आपण तीन मिनिटांची, त्यामुळे तेच वादळ त्यांच्या आकड्यात जरा जोरदार दिसतं. समुद्राचं पाणी किनाऱ्यावर किती चढेल हे मात्र दोन्हींत कळत नाही, ते वेगळं बघायचं.

प्रश्न : रेड अलर्ट आला की सोसायटीने नेमकं काय करायचं? दर वेळी ग्रुपवर नुसते फॉरवर्ड फिरतात.
— सेक्रेटरी, चारकोप

उत्तर : फॉरवर्ड थांबवा आणि हवामान खात्याचं बुलेटिन टाका, वर वेळ बघून, कारण सकाळचं बुलेटिन संध्याकाळी शिळं असतं. 'तौक्ते'चा डोळा मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास बाहेरून गेला तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, तेव्हा 'आपल्याकडे येत नाही ना' एवढ्यावर निश्चिंत राहू नका. पोरांना चौपाटीवर लाटा बघायला अजिबात सोडू नका, जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' लांब दर्यात असताना जुहूला मुलं बुडाली. भरतीची वेळ बोर्डावर लिहा, भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की नाल्याचं पाणी समुद्रात जात नाही, ते उलटं तुमच्या तळमजल्यावर येतं, तिथल्या म्हाताऱ्यांना आधीच वर आणा. गच्चीवरचे सुटे पत्रे, कुंड्या, सोलरचे पॅनल बघून घ्या. गाड्या झाडाखालून काढा, आणि झाड कललेलं दिसलं तर वाट न बघता मुंबई पालिकेच्या १९१६ला फोन करा.