कारखाने वाढले की जन्मदर आणि मृत्युदर कसे बदलतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: औद्योगिकीकरणात हे दर कोणत्या क्रमानं बदलतात, आणि कारखाने आले की मुलं आपोआप कमी होतात का. मी कोल्हापुरात भूगोल शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गात नेहमी येतो.

क्रम सोपा आहे. आधी मृत्युदर उतरतो, जन्मदर बऱ्याच उशिरानं. मधल्या काळात लोकसंख्या भराभर वाढते. याला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. भारतात 1901 ते 1911 या दशकात दर हजारी जन्म सुमारे 49 आणि मृत्यू सुमारे 43 होते. प्लेग आणि दुष्काळ माणसं नेतच होते. 1971 मध्ये मृत्यू 15 च्या आसपास आले, जन्म मात्र अजून 37 च्या घरात होते. लोकसंख्येचा स्फोट म्हणतात तो याच फरकातून झाला. लोकांना अचानक जास्त मुलं होऊ लागली असं नव्हे, झालेली मुलं जगू लागली. 2020 मध्ये हेच आकडे 19.5 आणि 6 होते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. चिमणीच्या धुरानं कुणाचं आयुष्य वाढत नाही. इंग्लंडमध्ये 1842 साली एडविन चॅडविक या आरोग्य सुधारकानं मजुरांच्या आरोग्यावर अहवाल दिला, त्यात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत मृत्यूच्या वेळचं सरासरी वय 17 होतं, तर शेतीप्रधान रटलंडमध्ये 38. इतकं कमी, कारण तान्ही मुलंच ढिगानं मरत होती. कारखान्यांचं शहर खेड्यापेक्षा घातक होतं! मृत्युदर खाली आणला तो पुरेसं अन्न, स्वच्छ पाणी, गटारं आणि लसींनी. कारखान्यांच्या पैशानं यांतलं बरंच शक्य झालं, पण ते कुणीतरी मुद्दाम करावं लागलं. तिथला जन्मदर 1870 नंतर घसरू लागला आणि 1880 साली शाळा सक्तीची झाली. शाळेत जाणारं पोर कमाई आणत नाही, उलट खर्च वाढवतं. जन्मदर घसरण्याचं खरं कारण मला इथं दिसतं: मूल जगेल याची खात्री, मुलींचं शिक्षण आणि उशिरा होणारं लग्न. केरळात मोठे कारखाने फारसे नसताना जन्मदर आपल्या आधी उतरला तो यामुळेच. म्हणून शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते मला कोल्हापूरच्या शाहू मिल या कापड गिरणीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, जाऊन बघा. साचे बनवण्याच्या कामावर शेजारी शेजारी इथला आणि बिहारचा कामगार उभा असतो. कारखाना एकच, पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं होती, बिहारात 3. बापाच्या हातातलं काम तेच आहे. फरक पडतो तो त्याच्या गावी मुली किती शिकल्या आणि दवाखाना किती लांब आहे यानं.

एक गोष्ट पुस्तकातल्या आलेखात दिसत नाही आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुलं कमी हवीत पण मुलगा हवाच, असं झालं की त्याची किंमत मुली मोजतात. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त 839 मुली होत्या. ऊस, दूध, कारखानदारी, सगळ्यांत पुढे असलेल्या जिल्ह्यात! 2011 मध्ये आकडा थोडा सुधारला, तरी तो समाधानाचा नव्हताच.

लोकसंख्या संक्रमणाच्या शेवटच्या टप्प्यात मृत्युदर पुन्हा चढतो, यानंही गोंधळू नका. जपानमध्ये आज हजारी मृत्यू भारताच्या दुपटीच्या आसपास आहेत, कारण तिथं म्हातारी माणसं जास्त आहेत. आयुर्मान मात्र आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. दोन देशांची तुलना करायची असेल तर हजारी मृत्युदर बाजूला ठेवा आणि आयुर्मान व बालमृत्युदर बघा.