साइड व्हील लावलेल्या तीनचाकी स्कूटरला १२ इंची अलॉय चाके बसवावीत का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पाच वर्षांपूर्वी तुमच्या ११० सीसीच्या ॲक्टिव्हाला दोन्ही बाजूंना चाके जोडून घेतली, आता उजव्या बाजूच्या चाकाचा टायर आतल्या कडेने झिजत चालला आहे, वळताना खडखड आवाज येतो, आणि दुकानदाराचे म्हणणे आहे की जुनी पत्र्याची चाके काढून १२ इंची रुंद अलॉय चाके बसवली म्हणजे दोन्ही तक्रारी जातील. माझे उत्तर असे आहे की ती चाके बसवू नयेत. टायर झिजण्याचे कारण बहुधा चाकात नाही, आणि मोठ्या चाकांमुळे आज नसलेला एक धोका मात्र उभा राहील. मला लहानपणी पोलिओ झाला. गेली बावीस वर्षे मी साताऱ्यात अशीच गाडी चालवतो. पहिली जुनी घेतलेली कायनेटिक होंडा होती, कारण तिला गिअर नव्हते आणि बटणावर सुरू होत असे, आणि त्यानंतर दोन ॲक्टिव्हा झाल्या. या काळात जे हातून चुकले आणि जे नीट जमले, त्याच्या आधारावर लिहितो.

आपण बोलताना हिला तीनचाकी म्हणतो, पण जमिनीला टेकणारी चाके मोजली तर चार भरतात: पुढचे एक, मागचे इंजिनाचे एक आणि बाजूची दोन. यांपैकी गाडीला ढकलणारे चाक एकच, मधले. मागचा ब्रेकही त्याच चाकाला असतो. बाजूची चाके तोल सांभाळतात, ती गाडी ओढत नाहीत आणि बहुतेक जोडण्यांमध्ये, म्हणजे बाजूची चाके बसवायच्या चौकटींमध्ये, थांबवतही नाहीत. त्यामुळे मधल्या चाकावर पुरेसे वजन राहणे ही या गाडीची पहिली गरज आहे, आणि चाकांच्या आकाराचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

आता हिशोब पाहा. तुमच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० असे लिहिलेले असेल. त्याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, रिमच्या वर टायरची उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १० इंची. म्हणजे पूर्ण व्यास रिमचे २५४ अधिक टायरची दोन्हीकडची उंची १८०, एकूण ४३४ मिलिमीटर. दुकानदार सुचवतो त्या १२ इंची चाकावर ९०/९०-१२ हा टायर आला, तर व्यास साधारण ४६७ मिलिमीटर होतो. त्रिज्येत फरक पडतो सुमारे १६ मिलिमीटरचा, आणि टायर याहून रुंद घेतला तर बहुधा आणखी जास्त. बाजूच्या चाकांना स्वतःचे शॉक ॲब्सॉर्बर असतील, तर हे १६ मिलिमीटर त्यांच्या स्प्रिंगा दाबून घेतील, पण दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा मधल्या चाकाच्या वाट्याचे वजन स्वतःकडे ओढतात. जोडणी स्प्रिंगांशिवाय, थेट चौकटीला घट्ट केलेली असेल, तर मधले चाक जवळजवळ लोंबकळायला लागेल. पावसात चढावर ते जागीच फिरते, आणि उतारावर मागचा ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी ते चाक अडकून घसरते. कॉम्बी ब्रेकमुळे, म्हणजे एकच लिव्हर दाबून दोन्ही चाकांचे ब्रेक लागण्याच्या सोयीमुळे, पुढच्या चाकाची थोडी मदत मिळते, पण मागच्या चाकाची पकडच गेली असेल तर ती उणीव कॉम्बी ब्रेक भरून काढू शकत नाही.

याची खात्री घरच्या घरी करता येते. माणसांचे वजन करण्याचा साधा काटा मधल्या चाकाखाली ठेवावा आणि बाकीच्या तीन चाकांखाली त्याच जाडीच्या फळ्या घालाव्यात, म्हणजे गाडी एका पातळीत राहते. नेहमी बसता तसे, कुबड्या नेहमीच्या जागी ठेवून बसावे आणि आकडा दुसऱ्या कोणालातरी वाचायला सांगावा. मग काटा एकेका बाजूच्या चाकाखाली सरकवून तेच करावे. तिन्ही आकड्यांच्या बेरजेतला निम्मा भाग तरी मधल्या चाकावर पडला पाहिजे, हा मी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम आहे. माझ्या गाडीवर १० इंची चाके असताना १३० किलोपैकी ७१ किलो मधल्या चाकावर होते. मोठी चाके लावली तेव्हा ते ४८ वर आले, आणि त्या पावसाळ्यात राजवाड्याजवळच्या चढावर मला दोनदा लोकांनी ढकलून वर आणले. त्या वेळी मी दोष टायरला दिला होता. काटा लावून पाहण्याची कल्पना नंतर सुचली.

दुसरी गोष्ट वळणाची. दुचाकी वळताना आत झुकते, म्हणून तिच्या चाकावर येणारा जोर बहुतांशी चाकाच्याच रेषेत राहतो. आपली गाडी झुकू शकत नाही, त्यामुळे तोच जोर आडवा होऊन मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या चाकावर येतो. गाडी, जोडणी आणि चालवणारा मिळून २०० किलो धरले आणि १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी २० किलोमीटर असला, तर आडवा जोर साधारण ४२ किलोचा असतो. वेग ताशी ३० झाला की तो ९४ किलोवर जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. स्कूटरचे चाक मुळात झुकणाऱ्या गाडीसाठी घडवलेले असते, आणि हा आडवा मार त्याच्या रिमने, बेअरिंगने आणि स्टब ॲक्सलने, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याने, सोसायचा असतो. बाजूचे चाक एकाच बाजूने धरलेले असते, पुढच्या चाकासारखे दोन्हीकडून नाही. रुंद चाकाचा मध्य बाहेर सरकला की ॲक्सलवरची तरफ लांब होते. गाडी दिसायला रुंद आणि भक्कम दिसते, पण ॲक्सलच्या मुळाशी आणि तिथल्या वेल्डिंगवर ताण वाढलेला असतो.

अलॉय की पत्रा, याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. खड्ड्यात आदळल्यावर पत्र्याची रिम वाकते, वाकलेली दिसते आणि घरापर्यंत आणते. ओतीव अलॉय रिमला बारीक तडा जातो, तो चिखलाखाली झाकलेला राहतो, आणि आडव्या जोराखाली तो वाढत जातो. ज्याला वाटेत उतरून चाक तपासणे सोपे नाही, त्याने दिसणारा बिघाड पत्करावा आणि न दिसणारा टाळावा. म्हणून माझ्या गाडीवर आता बाजूलाही ॲक्टिव्हाच्याच मापाची १० इंची पत्र्याची चाके आहेत. त्यांचा टायर, ट्यूब आणि रिम कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि पंक्चरवाल्याला काही समजावून सांगावे लागत नाही. तुमची बाजूची चाके जुन्या पद्धतीची, दोन भाग नटांनी जोडलेली असतील, तर एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. ट्यूबमधली सगळी हवा काढल्याशिवाय ते जोडनट कधीही सैल करू देऊ नयेत. हवा भरलेली असताना नट सुटले तर रिमचे अर्धुक गोळीसारखे उडते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. टायर आतल्या कडेने झिजतो याचा अर्थ चाकाचा माथा आत कलला आहे किंवा चाक पुढच्या बाजूला बाहेर फाकले आहे. पाच वर्षे वापरलेल्या जोडणीत याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ज्या आर्मवर चाक बसवलेले असते त्या आर्मच्या बिजागरीतले बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या धातूच्या नळ्या, झिजणे. जमीन चाकाला वर रेटते, बुशमध्ये जागा झालेली असते, आर्म तेवढा पिळला जातो आणि चाकाचा माथा आत येतो. वळताना येणारी खडखड त्याच सैलपणाची असू शकते, किंवा बेअरिंगची. जॅकवर ते चाक उचलून कोणाला तरी वर आणि खाली धरून हलवायला सांगावे. केवळ चाक हलले तर बेअरिंग, आणि चाकाबरोबर आर्मही हलला तर बुश. बुश गेलेले असताना नवी चाके लावली, तर नवा टायरही असाच झिजेल. बुश बदलणे हे कुठल्याही लेथवाल्याकडे होणारे काम आहे, फक्त नवे बुश पितळेचे किंवा गनमेटलचे घ्यावेत, त्यांना ग्रीस निपल बसवून घ्यावे, आणि दर पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रीस भरावे.

बुश बदलल्यावर चाकांची रेषा तपासावी. बाजूच्या दोन चाकांमधले अंतर ॲक्सलच्या उंचीवर एकदा पुढच्या कडेला आणि एकदा मागच्या कडेला मोजावे. दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. मग मधल्या आणि पुढच्या चाकाच्या रेषेत दोरी ताणून प्रत्येक बाजूचे चाक तिला समांतर आहे का, तेही पाहावे. चाके दोन्ही बाजूंना सारखी असूनही दोरीला तिरपी असली तर पूर्ण चौकटच एका बाजूला सरकलेली असते, आणि मग हँडल सतत एकीकडे ओढते. आपल्या खांद्यांवर आधीच कुबड्यांचा ताण असतो, त्यात ही ओढ दिवसभर सोसणे मुळीच योग्य नाही.

बेअरिंगबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझा सर्वांत वाईट अनुभव त्याच्याशी जोडलेला आहे. ज्या गॅरेजने मला मोठी अलॉय चाके बसवून दिली, तिथे जुन्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, दोन बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, नव्या हबमध्ये घालायची राहून गेली. ती नळी नसेल तर ॲक्सलचा नट आवळताना दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि गोळ्यांवर आडवा भार कायमचा बसून राहतो. चाक हाताने फिरवून पाहिले तर थोडे जड लागते, एवढेच. तीन आठवड्यांनी कासहून परतताना यवतेश्वर घाटाच्या उतारावर डावे बेअरिंग फुटले, चाक तिरके होऊन मडगार्डला घासू लागले, आणि मी गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून वाचलो. तेव्हापासून चाक बदलले जात असताना मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि नळी आत जाताना डोळ्यांनी पाहतो. तुम्हीही तसेच करा, मेकॅनिकला राग आला तरी चालेल.

बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला क्रमांक लिहून न्यावा. ६२०२ असेल तर आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि रुंदी ११ मिलिमीटर. ६३०१ असेल तर १२, ३७ आणि १२. दिसायला दोन्ही जवळची वाटतात, पण एकाच्या जागी दुसरे बसत नाही, आणि ठोकून बसवलेले टिकत नाही. पत्र्याच्या झाकणाऐवजी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग मागावे, कारण बाजूचे चाक रस्त्याच्या कडेच्या पाण्यातून आणि चिखलातूनच जाते. ॲक्सलवरचा नायलॉन कडीचा नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये. स्प्लिट पिन असेल तर तीही नवी घालावी. काम झाल्यावर नट आणि ॲक्सल यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे गाडीवर बसण्याआधीच कळते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.

स्कूटरच्या स्वतःच्या भागांपैकी हँडलचा कोनसेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे), क्लच शू, बेल्ट आणि मागचे ब्रेक शू हे आपल्या गाडीत इतरांपेक्षा लवकर झिजतात, कारण गाडी न झुकता केवळ हँडलने वळते आणि जोडणीचे वजन इंजिनाला सतत ओढावे लागते. ते मूळ कंपनीचेच घ्यावेत आणि मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधी तपासावेत.

कोणी तुम्हाला मधले चाकच काढून मागे एका अखंड ॲक्सलवर दोन चाके बसवून देतो असे म्हणाले, तर तिथे डिफरेन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, आहे का, हे विचारावे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. डिफरेन्शिअल नसेल तर एक चाक फरफटत जाते, टायर संपतात आणि गाडी वळायचे नाकारून सरळ जाऊ पाहते.

कागदपत्रांचेही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही, पण दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन बदलून घेण्याची आणि त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेण्याची सोय त्याच कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जुना ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ ही व्याख्या आली. तुमच्या आरसी बुकावर आणि विम्यावर तशी नोंद आहे ना, ते तपासा. झिजलेले चाक त्याच मापाच्या चाकाने बदलणे ही दुरुस्ती झाली. जोडणीचा प्रकारच बदलणार असाल तर पुण्याच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असलेलीच जोडणी घ्यावी आणि आरटीओत नव्याने दाखवावी.

तुमच्या बाजूच्या चाकांना स्वतंत्र शॉक ॲब्सॉर्बर आहेत की नाहीत, आणि वजनकाट्यावर मागच्या तीन चाकांचे कोणते आकडे येतात, एवढे कळवलेत तर स्प्रिंगा किती सैल किंवा घट्ट कराव्यात हे मी तुम्हाला नेमके सांगू शकेन.