तुमचे प्रश्न: काकांच्या ट्रंकेतल्या ब्लू नोट

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आमचे मोठे काका बरीच वर्षं अमेरिकेत होते, त्यांची ट्रंक माळ्यावरून खाली काढली तर त्यात ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीच्या दोन एलपी निघाल्या, जॉन कोलट्रेनची 'ब्लू ट्रेन' आणि होरेस सिल्व्हरची 'साँग फॉर माय फादर'. आमच्याकडे सगळे अमीर खांसाहेब ऐकणारे, जॅझमधलं कुणाला ओ की ठो कळत नाही. मुलगा म्हणतो ओरिजिनल आहेत, विकून टाकू. सूनबाई म्हणते कव्हरं फ्रेम करून हॉलमध्ये लावू. 'ब्लू ट्रेन'च्या लेबलवर 'डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स' असं आहे, दुसरीवर 'न्यू यॉर्क यूएसए'. काय करावं?

उत्तर: विकायची घाई नको आणि फ्रेम तर अजिबातच नको, आधी ऐका तरी. पण मुलाचं समाधान करून टाकू. ब्लू नोट १९३९ ची कंपनी, जर्मनीतून आलेल्या आल्फ्रेड लायनने न्यू यॉर्कमध्ये काढलेली, आणि १९६६ मध्ये ती लिबर्टीने घेतली, म्हणजे तुमची 'ब्लू ट्रेन' त्यानंतरची छपाई, पहिली नाही. दुसरीचं मात्र नुसत्या लेबलवरून ठरत नाही, कारण लिबर्टीवाल्यांनी उरलेली जुनी लेबलं नव्या रेकॉर्डवर चिकटवून संपवली. तिथेच भले भले फसतात आणि विकणारे पण खुशाल 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारतात. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा, शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधे जो गुळगुळीत काळा पट्टा असतो तिथे कानासारखी दिसणारी एक बारीक खूण शोधा. तो खरं तर वळणदार इंग्रजी 'पी' आहे, प्लास्टिलाइट या छपाई कारखान्याचा, लिबर्टी आल्यावर तिथली छपाई थांबली. कान असला तर रेकॉर्ड लिबर्टीच्या आधीची, नसला तर नंतरची.

आता त्याच पट्ट्यात 'व्हॅन गेल्डर' हा ठसा आहे का तेही बघा, माझ्या मते ऐकणाऱ्यासाठी तो कानापेक्षा महत्त्वाचा. रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि एरवी न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, 'ब्लू ट्रेन' १९५७ मध्ये तिथेच झाली. ठसा असला म्हणजे ज्या साच्यावरून रेकॉर्ड छापली तो मूळ त्याने स्वतः कोरलेल्या तबकडीवरून आलाय. लिबर्टीच्या बऱ्याच रेकॉर्डवर हा ठसा मिळतो. कान नाही म्हणून भाव कमी, पण आवाज तोच दणदणीत!

ऐकायचं कसं म्हणाल, तर तुम्हाला अर्धं येतंच. 'ब्लू ट्रेन'ची पहिलीच चीज घ्या, बारा बारचा ब्लूज आहे (बार म्हणजे तालाचा एक खंड), बारमधे चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन समजा आणि बोटांवर मोजत बसा. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर बढत करतो, शेवटी परत मुखडा. कोलट्रेनच्या सॅक्सोफोनच्या मागे एका ठिकाणी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन हळूच छोटे तुकडे टाकायला लागतात, ते नक्की पकडा. ट्रम्पेटवाला ली मॉर्गन तेव्हा १९ वर्षांचा होता, ऐकून विश्वास बसत नाही. आणि हे असं बांधेसूद का वाटतं, तर लायन वादकांना तालमीचेही पैसे द्यायचा, बाकीच्या कंपन्या सहसा देत नसत. सिल्व्हरच्या रेकॉर्डवर हॅटवाले जे गृहस्थ आहेत ते त्याचे वडीलच, मूळचे आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे. पहिली चीज इतकी सोपी आहे की सूनबाई दुसऱ्या दिवशी गुणगुणत असेल.

कव्हराचा मोह मला समजतो, फ्रान्सिस वुल्फचे फोटो आणि रीड माइल्सची अक्षरं म्हणजे बघतच राहावं (माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती, तो पाश्चात्य शास्त्रीय ऐकायचा!). पण भिंतीवर ऊन लागून रंग उडतो, त्यापेक्षा रंगीत प्रिंट काढून लावा. आणि रेकॉर्ड परत माळ्यावर टाकू नका हो, इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली रेकॉर्ड वाकडी झालीच म्हणून समजा, खालच्या खोलीत उभ्या ठेवा. डिस्टिल्ड वॉटरने मऊ कापड ओलं करून खाचांच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका. घरात जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

प्रश्न: ब्लू नोटचे नवीन एलपी घ्यावेत की जुने शोधत बसावं? (ग्वाल्हेरहून एक विद्यार्थी)

उत्तर: नवीन घे बाबा. २०१९ पासून ब्लू नोटचीच 'टोन पोएट' मालिका निघतेय, मूळ टेपवरून केव्हिन ग्रे तबकडी कोरतो, कव्हरही जाडजूड. त्याच कंपनीची 'क्लासिक व्हिनाइल' मालिका त्यापेक्षा स्वस्त पडते आणि आवाजात कुठे कमी नाही. आधी प्लेअरची सुई मात्र बदल, गुळगुळीत झालेल्या सुईने नवी रेकॉर्ड महिन्याभरात खरखरायला लागते.