सराफांच्या संघटनेत नवीन आलात? आधी एवढंच सांभाळा

सभासद झालात, छान केलंत. पण प्रमाणपत्र दुकानात टांगून भागत नाही. निदान पहिले सहा महिने एकही बैठक चुकवू नका. चोरीचा माल फिरतोय ही खबर बरेचदा तिथेच आधी कळते.

नवखे फसतात ते बहुतेक मोडीत, म्हणजे गिऱ्हाइकाचे जुने दागिने विकत घेताना. मीही फसलोय. बांगडी कसोटीच्या दगडावर घासली, कस म्हणजे सोन्याची रेघ झकास उठली, पैसे मोजून दिले. वितळवल्यावर आत तांबं! मुलामाच जाड होता. तेव्हापासून गिऱ्हाइकाला विचारून कानशीने बारीक खाच पाडतो आणि आतला कस घेतो. तरीही शंका राहिली तर सरळ तपासणीला पाठवा, त्यात लाज कसली?

आणखी दोन गोष्टी:

- खड्यांचं वजन सोन्यात धरू नका. पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहा.
- कारागीर घरचा असला तरी वजन, शुद्धता आणि ठरलेली घट (घडवताना वाया जाणारं सोनं) लिहूनच सोनं द्या. २२ कॅरेटच्या १०० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं साधारण ९१.६ ग्रॅम, हा हिशेब तोंडपाठ हवा.

हिरे, वायदेबाजार वगैरे सध्या राहू द्या. पुढच्या बैठकीला माझ्या शेजारी बसा, जुन्या मंडळींशी ओळख करून देतो.